टाचण पूर्ण, पाठ अर्धा: ३५ मिनिटांच्या तासिकेचं नियोजन

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सर पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीतून, नुकतेच लागले आहेत. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला शिकवतात. दुपारचं सत्र, पटावर ४८ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, रोज लिहिलेलं असतं, मुख्याध्यापकांची सहीही होते. तरी घंटा वाजते तेव्हा पाठ निम्म्यावरच असतो आणि उरलेला भाग ‘घरून वाचून या’ म्हणून सुटतो. भरभर शिकवू की पाठच छोटा करू, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, भरभर नको. पाठच छोटा करा. मात्र पाठ छोटा करताना आपण बहुतेक जण शेवट कापतो, कारण वेळ संपतो तो शेवटीच. आणि पाठाचा शेवट म्हणजे मुलांनी आपलं आपण काही करून बघायचा भाग. जे राखायला हवं तेच रोज जातं आणि प्रस्तावना मात्र साग्रसंगीत पार पडते. म्हणून नव्या शिक्षकांना मी नियोजन उलट्या क्रमानं करायला सांगते. शेवटच्या पाच मिनिटांत मूल वहीत काय करून दाखवणार, ते सगळ्यात आधी लिहा. ते करताना मुलं कुठे आणि कशी चुकतील, ते त्यानंतर. आपण स्वतः काय बोलणार याचा विचार सर्वांत शेवटी. या तिन्हींतलं मधलं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं त्याच्यासाठी टाचणाच्या वहीत रकाना नसतो.

आधी वेळेचा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला ४ तास. ३५ मिनिटांच्या सात तासिका धरल्या की हा आकडा जुळतो. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात आधीच्या विषयाच्या वह्या आत जाऊन गणिताच्या बाहेर यायला वेळ लागतो. कुणाला पाणी प्यायचं असतं, कुणाची पेन्सिल हरवते, मध्येच शिपाई सूचनावही घेऊन येतो, आणि ‘आजच्या आज माहिती पाठवा’ असा निरोप व्हॉट्सॲप गटावर येऊन पडतो. शाळा रुळांलगत असेल तर जलद गाडी जाईपर्यंत वाक्य अर्धवट धरून उभं राहावं लागतं. ३५ मिनिटांचा पाठ ३५ मिनिटांत बसत नाही तो यामुळे. एक आठवडाभर मोबाइलवर वेळ लावून बघा: तुम्ही वर्गात उभे राहिल्यापासून सगळ्या मुलांचं लक्ष पहिल्या कामावर लागेपर्यंत किती मिनिटं जातात? जो आकडा येईल तो ३५ मधून वजा करा. नवीन शिक्षकानं २५ मिनिटांचाच पाठ आखावा असं माझं मत आहे. उरली दहा मिनिटं तर उरू द्या. त्यांना वर्गात काम मिळतंच.

आता टाचणाबद्दल. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, आपण सगळ्यांनीच घोकली आहे. हर्बार्ट (१७७६–१८४१) यांनी मांडली होती ती चार पदं. पुढे झिलर आणि राइन या अनुयायांनी त्यांची पाच केली. ती होती एका विचारघटकासाठी. घटक पुरा व्हायला जितके दिवस लागतील तितके घ्यावेत, अशी त्यामागची समजूत. आपल्याकडे प्रशिक्षण महाविद्यालयांत ती एका घंटेत कोंबली गेली. विषयप्रवेश, हेतुकथन, विषयविवेचन, दृढीकरण, उपयोजन, गृहपाठ, सगळं एका तासिकेत. त्यामुळे रोजचा पाठ हा जणू परीक्षकासमोरचा पाठ होऊन बसतो.

दुसरी सवय लागते सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे प्रशिक्षणातल्या काही मिनिटांच्या सराव पाठांत. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केलं. आपल्याकडे त्याचं जे चक्र रूढ आहे ते ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्अध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य घोटून घ्यायची ही पद्धत मला आवडते. पण समोर ‘विद्यार्थी’ म्हणून बसलेले असतात आपलेच वर्गमित्र. ते तुम्हाला सांभाळून घेतात. प्रश्न विचारला की हवं तेच उत्तर देतात, कारण पुढच्या फेरीत तुम्हीही त्यांना तेच देणार असता. त्यामुळे चुकीचं उत्तर आल्यावर काय करायचं याचा सराव त्या अभ्यासक्रमात कधी होतच नाही, आणि खऱ्या वर्गात पहिल्याच दिवशी तीच वेळ येते.

आता एक पाठ प्रत्यक्ष बांधून बघू. पाचवीचे अपूर्णांक घेऊ, त्यातही एवढंच: अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता, ते ओळखणं आणि कारण सांगणं. सममूल्य अपूर्णांक, समच्छेद करणं, बेरीज यातलं काहीही आज नाही. पाठ्यपुस्तकातली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं ते, वर्षभरासाठी असते. तिचा एका तासिकेचा तुकडा आपल्यालाच पाडावा लागतो. ‘विद्यार्थ्यास अपूर्णांकांची संकल्पना समजते’ हे वाक्य टाचणात लिहून कुणाचं काही बिघडत नाही, पण त्यावरून साडेचार वाजता काय तपासायचं ते कळत नाही.

म्हणून शेवटचा प्रश्न आधी ठरवला: ‘१/५ आणि १/१० यांतला मोठा कोणता? का, ते एका वाक्यात लिहा.’ हे दोन अपूर्णांक मुद्दाम निवडले आहेत. वर्गात आपण कागदी पट्ट्यांवर निम्मं, पाव आणि आठवा भाग करणार आहोत. पाचवा आणि दहावा भाग पट्टीवर मिळणार नाही. तेव्हा मुलाला पट्टी बघून उत्तर देता येणार नाही, विचार करावा लागेल.

आता चुका. कागद घ्या आणि या प्रश्नाला तुमची मुलं कोणकोणती उत्तरं देतील ते लिहून काढा. पहिलं उत्तर तुम्हाला माहीतच आहे: १/१० मोठा, कारण १० मोठा. मुलं चार वर्षं पूर्ण संख्यांवर वाढलेली असतात आणि तिथे हा नियम कधीही फसलेला नसतो. त्यांनी तो इथेही लावला तर त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. दुसरं उत्तर: दोन्ही सारखे, कारण दोन्हीकडे एकच भाग घेतलाय. हे म्हणणारं मूल अंश बघतं आहे, म्हणजे निम्मं काम त्याला जमलं आहे. तिसऱ्या उत्तराची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण ते बरोबर दिसतं: १/५ मोठा, कारण छेद लहान तो अपूर्णांक मोठा. कुणी तरी शिकवणीत दिलेला नियम असतो हा. आज चालतो. उद्या १/२ आणि ३/४ समोर आले की मूल बेधडक १/२ मोठा म्हणून मोकळं होतं. चौथी चूक डोक्यातली नसते, हातातली असते: आठ भाग केले, पण असमान.

या चारही चुकांसमोर एकेक ओळ लिहा, ती चूक आल्यावर तुम्ही काय विचाराल ते. समजावून काय सांगाल ते लिहू नका. विचाराल ते लिहा. पहिलीसाठी: ‘दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून दाखव.’ दुसरीसाठी: ‘पट्टी चॉकलेटची असती तर यांतला कुठला तुकडा घेतला असतास?’ तिसरीसाठी: ‘छेद लहान असला की एकेक भाग केवढा होतो?’ इथे मुलाच्या तोंडून ‘भाग’ हा शब्द यायला हवा. नुसता ‘छेद’ आला तर समजा, नियमच बोलतोय. चौथीसाठी काही विचारायची गरज नाही, पट्टी नीट दुमडायला मदत करा.

एवढं झालं की पाठ जवळजवळ तयार आहे. साहित्याचं सांगते, कारण पाठ तिथेही अडतो. अपूर्णांकासाठी गोल आकार, म्हणजे चपाती, पिझ्झा वगैरे, मला पटत नाहीत. गोलाचे समान भाग पाडणं मोठ्यांनाही नीट जमत नाही. कागदाची पट्टी बरी, आणि ती २४ सेंटिमीटर लांबीची असावी. २४ ला २, ३, ४, ६ आणि ८ या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे कुठलीही खूण पूर्ण सेंटिमीटरवर पडते. ऑफिसातले पाठकोरे ए-फोर कागद मागून घ्या. कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर, म्हणजे ३ सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या निघतात. ४८ मुलांच्या २४ जोड्या, प्रत्येक जोडीला चार पट्ट्या, म्हणजे पंधराएक कागद पुरे. पट्ट्या आदल्या दिवशी कापून, चार-चारचे गठ्ठे रबर लावून ठेवा. वर्गात कात्री काढली की तासिका गेलीच समजा.

मिनिटांची वाटणी मी अशी करीन. वर्गात शिरताना फळ्यावर प्रश्न लिहिलेला हवा: ‘१/४ आणि १/८, मोठा कोणता? पाटीवर लिहा.’ १/२ आणि १/४ विचारू नका. अर्धा आणि पाव मुलांना दूध-तेलाच्या पिशव्यांवरून माहीत असतात, त्यामुळे सगळी बरोबर सांगतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. तीन मिनिटांनी पाट्या वर. किती मुलं १/४ म्हणतात, किती १/८, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. खरं-खोटं काही बोलू नका. वर्गात कुजबुज सुरू होईल, होऊ द्या. पुढची पाच-सहा मिनिटं पट्ट्या: एक अख्खी ठेवायची, दुसरीची एक घडी, तिसरीच्या दोन, चौथीच्या तीन. प्रत्येक पट्टीच्या एका भागावर नाव लिहायचं. मग आठ मिनिटं जोडीनं काम: तुकडे एकमेकांवर ठेवा, लहान ते मोठा असा क्रम लावा, आणि ‘भाग वाढले की…’ हे वाक्य पुरं करा. ज्यांचं लवकर होईल त्यांना जादा पट्टी द्यायची. तिच्यावर ८ आणि १६ सेंटिमीटरवर खूण करून १/३ कुठल्या दोन तुकड्यांच्या मध्ये बसतो ते त्यांनी शोधावं. त्यानंतर चार मिनिटं सगळ्या वर्गाशी बोलणं, आणि उरलेल्या चारांत तो शेवटचा प्रश्न, पाठकोऱ्या चिठ्ठीवर, नाव लिहून, शेजाऱ्याशी न बोलता.

मध्ये काही हुकलं तर बोलण्यातली दोन मिनिटं कमी करा, जादा पट्टी सोडून द्या. शेवटची चार मिनिटं मात्र सोडू नका. घड्याळात तुमची खूण ती असू द्या. घंटेला सहा मिनिटं उरली की चाललेलं काम जिथे असेल तिथे थांबवायचं आणि चिठ्ठ्या वाटायच्या.

वर्गाशी बोलायची ती चार मिनिटं सगळ्यात अवघड जातात, म्हणून त्यांचा प्रश्न टाचणात शब्दशः लिहून ठेवा. ‘बरं, मग काय कळलं?’ हा प्रश्न नव्हे. त्यापेक्षा: ‘सुरुवातीला काही जण म्हणाले १/८ मोठा. त्यांना तसं का वाटलं असेल?’ चुकलेल्या मुलाला उभं न करता चुकीवर बोलता येतं, आणि जे चुकले होते तेच पुष्कळदा हात वर करतात. जपानी शिक्षक अशा मुख्य प्रश्नाला ‘हात्सुमोन’ म्हणतात आणि पाठ ठरवताना त्याच्या शब्दांवर बराच वेळ घालवतात. त्यांच्याकडे फळ्याचंही नियोजन असतं, त्याला ‘बान्शो’ म्हणतात. पाठभर फळा शक्यतो पुसायचा नाही. शेवटी फळ्याकडे पाहिलं की सुरुवातीचा प्रश्न, मुलांच्या वेगवेगळ्या कल्पना आणि निष्कर्ष हा सगळा प्रवास एका नजरेत दिसला पाहिजे. तुमच्या टाचणात एक चौकट आखा, तिचे तीन भाग करा: डावीकडे प्रश्न आणि पाट्यांची मोजणी, मध्ये पट्ट्यांची आकृती आणि मुलांची दोन-तीन वाक्यं (त्यांत एक चुकीचंही), उजवीकडे वहीत उतरवायच्या दोन ओळी. एवढंच. यानं फळाही नीट होतो आणि उतरवून घेण्यात जाणारा वेळही वाचतो.

उतरवून घेण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, तासिका सगळ्यात जास्त खातं ते हेच. ४८ मुलांना फळ्यावरच्या बारा ओळी उतरवायला लावल्या की शेवटचं मूल मान वर करेपर्यंत निम्मा वेळ जातो, आणि त्या वेळात कुणीही विचार करत नसतं. पालकांना भरलेली वही बघायची असते, हे मला माहीत आहे. तरी दोन-तीन ओळींच्या पुढे जाऊ नका. दुसरी कात्री लावा हेतुकथनाला. ‘तर मुलांनो, आज आपण काय शिकणार आहोत बरं?’ असं म्हणून मुलांकडून पाठाचं नाव वदवून घ्यायचा तो खेळ. अर्ध्या मुलांनी पुस्तक उघडून नाव आधीच वाचलेलं असतं. फळ्यावर नाव लिहा आणि कामाला लागा. पाळीपाळीनं एकेका मुलानं पाठ मोठ्यानं वाचायचा, हेही गणितात आणि परिसर अभ्यासात बंद करा. एक वाचतो, बाकीचे आपली पाळी कधी येईल ते मोजत बसतात.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं मात्र कापू नका. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून तपासलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी १ सेकंदाच्या आसपासच थांबत होते. तेच ३ सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली, उत्तरच न येणं कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद फार वाटत नाहीत, पण दुपारच्या सत्रात पंख्याच्या घरघरीत शांत उभं राहून बघा. हात आवरत नाही, पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट जातंच. त्यावर माझा उपाय पाटी. आधी प्रत्येकानं लिहायचं, मग वर करायची. पाच हुशार हातांऐवजी ४८ उत्तरं एकदम दिसतात. पाटी पहिली-दुसरीची म्हणून पाचवीची मुलं नाक मुरडतील, दोन दिवसांत सवय होईल. पाटी नसेल तर जुन्या वहीचं पान चालेल.

तुमच्या भागात मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी हिंदी, भोजपुरी, दखनी, तेलुगू बोलणारी मुलं असणार. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, पण बाकावर बसताना भाषांची अशी नीट वाटणी नसते. छोट्या तासिकेत याचा ताण पडतो, कारण संकल्पना नवीन, भाषाही नवीन, आणि वेळ तेवढाच. मी एका तासिकेत नवे शब्द तीनच ठेवीन. या पाठात ‘अंश’, ‘छेद’ आणि ‘समान भाग’. जोडीकामात मुलांनी ज्या भाषेत बोलावं त्या भाषेत बोलू द्या. चिठ्ठीवरचं वाक्य मराठीत हवं, पण त्याचा साचा फळ्यावर द्या: ‘___ मोठा आहे, कारण…’ पुढचं ते जोडतील. ‘कारन’ असं लिहिलं म्हणून आज लाल शाई लावू नका. तो उद्याचा मराठीचा पाठ आहे.

बाकीच्या विषयांना हाच साचा जसाच्या तसा लावू नका. कवितेच्या पहिल्या तासिकेत शेवटचा प्रश्न वगैरे काही नको. कविता दोन-तीनदा म्हणा, मुलांना म्हणू द्या, आवडलेली ओळ विचारा आणि उठा. शब्दार्थ दुसऱ्या दिवशी. परिसर अभ्यासातले प्रयोग मात्र ३५ मिनिटांच्या हट्टानं हमखास फसतात. बाष्पीभवनाचं उदाहरण घ्या. ओला रुमाल पसरून एक आणि घडी करून एक ठेवायचा, कुठला आधी वाळतो ते बघायचं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढा दमटपणा असतो की दोन्ही रुमाल सुट्टी होईपर्यंत ओलेच. मुलांचा निष्कर्ष: पाण्याची वाफ होत नाही. हा प्रयोग दिवाळीनंतरचा. पावसाळ्यातच करायचा असेल तर फळ्यावर ओल्या फडक्याचे दोन सारखे पट्टे ओढा आणि एकाला पुठ्ठ्यानं वारा घाला. सावकाश का होईना, फरक दिसतो, आणि ‘आज उशीर का लागतोय?’ हा वरचढ प्रश्न फुकट मिळतो. प्राथमिकच्या वर्गशिक्षकाला आणखी एक सोय आहे: बहुतेक तासिका त्याच्याच असतात. रुमाल पहिल्या तासिकेला ठेवावेत, निरीक्षण शेवटच्या तासिकेला. मधल्या वेळात भाषा, गणित चालू. प्रयोगाला वर्गात अडकून पडायची गरज नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ पासून चालतं. प्राथमिक विज्ञानाच्या साध्या, वर्गात करता येण्याजोग्या कृतींवर तिथे पुष्कळ काम झालं आहे. तुमच्या शाळेपासून फार लांब नसावं, एकदा जाऊन या.

चिठ्ठ्यांचं पुढे काय करायचं? तपासू नका. म्हणजे गुण, शेरे, सही यातलं काही नको. शाळा सुटल्यावर टेबलावर त्यांचे तीन गठ्ठे करा: उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण गडबडीचं, उत्तरच चूक. दहा मिनिटांचं काम आहे. तिसरा गठ्ठा जाड निघाला तर उद्या पुढचा मुद्दा नाही, पट्ट्याच पुन्हा, या वेळी दुसऱ्या मापाच्या. मधला गठ्ठा जाड असेल तर उद्याचा पहिला प्रश्न १/२ आणि ३/४ चा. पहिलाच जाड असेल तर तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना परिपाठाआधी किंवा मधल्या सुट्टीत पाच मिनिटं बोलवा आणि पुढे चला. उद्याचं टाचण आज दुपारीच पक्कं लिहून टाकलं असेल तर हे काहीच करता येत नाही. म्हणून आठवड्याचं नियोजन करताना गणिताची एक तासिका कोरी ठेवत जा. जुलैत तर ठेवाच. भरती आणि अतिवृष्टीचा इशारा एकाच दिवशी आला की सुट्टी जाहीर होते आणि आखलेला आठवडा पुढे सरकतो.

आणखी एक: हाच प्रश्न तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा, सुरुवातीच्या त्या तीन मिनिटांत. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. आपण मात्र घटक संपला की थेट घटक चाचणीलाच त्याचं तोंड बघतो.

राहिला प्रश्न टाचणाच्या वहीचा. ती लिहावीच लागते, अधिकारी भेटीला आले की बघतात, आणि त्यावर मी तुम्हाला बंड करायला सांगणार नाही. रकाने तेच ठेवा, भरायचा क्रम बदला. मूल्यमापनाचा रकाना आधी भरा, मग विद्यार्थी कृती, मग अध्यापक कृती. संभाव्य चुका आणि त्यांवरचे प्रश्न समासात पेन्सिलीनं लिहा; पाठ झाल्यावर ज्या चुका खरोखर आल्या त्यांच्यापुढे खूण करा आणि ज्या सुचल्याच नव्हत्या त्या जोडा. पुढच्या वर्षी पाचवीच मिळाली तर ती वही तुम्हाला कुठल्याही मार्गदर्शिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल. गटांवर तयार टाचणांच्या पीडीएफ फिरतात, हल्ली एआयकडून अर्ध्या मिनिटात टाचण लिहूनही मिळतं. रकाने भरायला ते ठीक आहे. ‘या प्रश्नाला दहा वर्षांचं मूल कोणती चुकीची उत्तरं देईल?’ असंही त्याला विचारून बघा, दोन-चार बरी सापडतात. पण तुमच्या तिसऱ्या रांगेतला मुलगा सकाळी पाणी भरून, धाकट्या बहिणीला बालवाडीत सोडून येतो आणि पहिल्या तासिकेला पेंगतो, हे त्याला ठाऊक नाही. त्या मुलाच्या हातात पट्टी पहिल्या पाच मिनिटांत पडली पाहिजे, ऐकणं त्याच्यानं होणार नाही.

सगळे विषय एकदम बदलू नका. या आठवड्यात फक्त गणित, तेही दोन तासिका. आणि मुख्याध्यापकांशी बोलून वेळापत्रकात एक जोडतासिका मिळते का बघा. कला आणि कार्यानुभवाला ती बहुधा असतेच, त्यातली एक पंधरा दिवसांतून एकदा गणित-परिसरसाठी वापरू द्या म्हणावं. जूनमध्ये ठरलेलं वेळापत्रक सहसा कुणी हलवत नाही, पण दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला थोडी फिरवाफिरव होते. दिवाळीच्या सुट्टीआधीच विचारून ठेवा, आणि विचारताना पट्ट्यांच्या पाठाच्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे सोबत घेऊन जा.